सौंसरची पाठमोरी गाडी

“अकराले सौंसर म्हन्जे अकराले सौंसर,” पांढुर्ण्याच्या स्टँडवर देवीदास ड्रायव्हर म्हणाला. “तिथले लोक माही गाडी पाहून घड्याळ लावतेत, मॅडम. तुमी आरामात बसा.”

प्रतिभा बसली. मांडीवरच्या पर्समध्ये मास्तरणीच्या नोकरीची ऑर्डर होती. त्यावर टाइप केलं होतं: सतरा नोव्हेंबर शहाऐंशी, दुपारी बारापर्यंत सौंसरच्या ऑफिसात हजर न झाल्यास नेमणूक रद्द. आज सतरा तारीख होती.

जामसांवलीच्या फाट्याच्या मैलभर अलीकडे गिअरचा दांडा देवीदासच्या हातात आला. म्हणजे पूर्णच आला. त्यानं तो वर धरून नीट पाहिला. गाडी हळूहळू थांबली.

अर्धा तास खाटखूट चालली. शेवटी दांडा बसला.

“लागला का पहिला?” कंडक्टर श्रावणनं विचारलं.

“नाही.”

“दुसरा?”

“अबे, रिव्हर्सच लागून राहिला ना! बाकीचे सारे मेले.”

सव्वाअकरा झाले होते. दुसरी गाडी अडीचला. प्रतिभा खाली उतरून देवीदाससमोर उभी राहिली.

“भाऊ, बारा वाजले का माही नोकरी गेली.”

एवढंच म्हणाली. पर्सचा बंद तिनं हाताला दोनदा गुंडाळला होता.

देवीदासनं तिच्याकडे पाहिलं, मग सौंसरच्या रस्त्याकडे, मग गाडीच्या पाठीकडे.

“श्रावण, सवाऱ्या बसव,” तो म्हणाला. “सौंसर काय पुढंच असावं लागते का? मागं बी ठेवता येते.”

बाजूच्या पडीत वावरात त्यानं गाडी उलटीच गोल फिरवली, तिची पाठ सौंसरकडे केली, खिडकीतून खांद्यापर्यंत बाहेर निघाला आणि मागे पाहत सुटला.

पहिल्या फर्लांगभर कोणी श्वास घेतला नाही. मग लोकांना दिशा समजू लागल्या. सकाळी साडेनऊला रुमाल टाकून पुढची सीट धरलेले किराणावाले विनायकशेट आता सगळ्यांच्या मागे होते. आणि वांग्याचं टोपलं घेऊन शेवटच्या बाकावर दाटीवाटीनं बसलेली जयवंताबाई सगळ्यांच्या पुढे.

“शेटजी, मागं कसं वाटून राहिलं?” तिनं ओरडून विचारलं.

“बाई, तू रस्ता पाय!”

ती पाहतच होती. मागच्या काचेला नाक लावून. “बैलगाडी हाय, बैलगाडी! संत्रे भरले हाय, उजवीकडं घे! आता सायकल! थो उतरला... वावरात पळाला! सायकल पडली हाय, चुकव!”

श्रावण तिचं ऐकून घंटी मारत होता. एक म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे. देवीदास चाक फिरवत होता. नाल्याच्या पुलावरून गाडी अशी गेली की दोन्ही बाजूंना चार-चार बोटं राहिली. सौंसरकडून येणाऱ्या ट्रकवाल्याला आधी गाडीची पाठ दिसली. साइड मागायला त्यानं हॉर्न दिला. ही पाठ आपल्याच अंगावर येऊन राहिली हे कळलं तेव्हा त्यानं ट्रक रस्त्याखाली घेतला आणि हात जोडले.

फाट्यावर जामसांवलीच्या मारुतीला रोज सगळी गाडी हात जोडते. आजही जोडले. फक्त देवीदासचे दोन्ही हात चाकावर होते.

“आज तूच समजून घे, बाप्पा,” तो म्हणाला आणि वळण काढलं.

“सरळ चालवतानी बी यानं कधी इतकी चांगली चालवली नाही,” विनायकशेट पुटपुटले. आतापर्यंत ते देवळातल्यासारखे चपला काढून बसले होते.

प्रतिभानं घड्याळ पाहिलं. बाराला दहा कमी. मागच्या काचेत सौंसर मोठं मोठं होत होतं.

ऑफिस रस्त्यावरच होतं. पाठमोरी गाडी येताना दिसली तसं आख्खं ऑफिस बाहेर आलं. चपराशी आला, टायपिस्ट आला, पेनाला टोपण न लावता हेडक्लार्क, म्हणजे बडे बाबू, आले. गाडी बरोबर दारासमोर उभी राहिली. टाळ्या पडल्या. जयवंताबाई टोपलं घेऊन पहिली उतरली आणि टाळ्या आपल्यालाच आहेत असं समजून हसली. बऱ्याचशा होत्याच.

प्रतिभा उडी मारून उतरली आणि ऑर्डर सरळ बडे बाबूंच्या हातात दिली.

“साहेब, मी हजर झाली. बारा नाही वाजले अजून. सही करा.”

बडे बाबूंनी ऑर्डर घेतली. नजर गाडीवरच होती.

“उलटी आनली? पार पांढुर्ण्याहून?”

“फाट्यापासून, साहेब. सही...”

“करतो ना बाई, काहून घाबरता? पाच मिनिटं हाय अजून. पह्यले मले पाहू तं द्या.” ते गाडीत चढले, विनायकशेटच्या रिकाम्या सीटवर बसले आणि ऑर्डरनं वारा घेत म्हणाले, “दाखव रे भाऊ, कसं केलं ते.”

देवीदासनं कपाळाचा घाम पुसला, क्लच दाबला आणि दांडा सरकवला.

पहिला गिअर लागला.

गाडीचं तोंड पांढुर्ण्याकडे होतं. ती निघाली.

“थांबवा! अहो, थांबवा!” प्रतिभा मागे धावली.

“आता थांबलो तं पुन्हा लागनार नाही, मॅडम!” खिडकीतून देवीदासचा आनंदानं फुटलेला आवाज आला. तेवढ्यात दुसराही लागला.

बारा वाजून पाच मिनिटांनी बडे बाबू जामसांवलीच्या फाट्यावरून गेले. ऑर्डर त्यांच्या हातात होती. सही व्हायची होती.