सात नंबरची ताटली

उष्टी ताटली धुवायला जाण्याआधी शेफ ती स्वतः बघायचा. मिलानमधलं त्याचं रेस्टॉरंट इटलीभर गाजलं, बक्षिसांनी भिंत भरली, तरी ही सवय सुटली नाही. गिऱ्हाईक तोंडदेखलं कौतुक करतं, ताटली करत नाही, असं तो म्हणे.

आज सात नंबरच्या टेबलावरची ताटली लखलखीत परत आली. पावानं सॉस पुसून खाल्लेला. गावी आईच्या खानावळीत, तिच्या बडीशेपेच्या पावामुळे, सगळ्याच ताटल्या अशा यायच्या. इथं मात्र शोभत नाही म्हणून त्यानं टेबलावर कधी पाव ठेवलाच नाही. "पाव नाही, ती कसली खानावळ?" म्हणून रुसलेली आई बावीस वर्षं इकडे फिरकली नव्हती.

"पाव कुणी दिला?" त्यानं वेटरला विचारलं.

"आपला नव्हता, शेफ. एका म्हाताऱ्या बाईंनी पिशवीतून काढला."

ताटलीच्या काठाला बडीशेपेचा एक दाणा चिकटला होता. शेफनं टोपी काढली.

"कुठं आहेत त्या?"

"गेल्या. मी नम्रपणे सांगितलं, इथं असं ताटली पुसून खात नाहीत."

"कुणी शिकवलं तुला हे?"

"तुम्हीच, शेफ."