झाडांचा कूलर

“बाबा, आईलेही एखाद्या कुंडीत लावून देऊ का?”

हे वर्षाली घरात विचारूच शकणार नाही, अशी पैज मयुरी आणि काजल या मैत्रिणींनी कालच लावली होती. घ्या, विचारलं.

बाबा बैठकीत कॅलेथियाच्या पानांवर बारीक फवारा मारत होते. मे महिन्यातलं नालवाडीचं ऊन. बाहेर ओला टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत वाळावा, अशी हवा. आत मात्र चाकांचा कूलर कुंड्यांकडे तोंड करून घोंघावत होता. कुंड्यांखाली ताटं, ताटांत गोटे, गोट्यांत पाणी. भिंतीवर हवेतला ओलावा दाखवणारा काटा. तो जरा खाली आला, की बाबांचंही तोंड उतरायचं. स्वयंपाकघराचं दार तर कायम लोटलेलं. गॅसची धग बैठकीत आली की पानांच्या कडा करपतात म्हणे.

दारापलीकडे आई पोळ्या लाटत होती. काल मैत्रिणी आल्या, तेव्हाही ती तिथंच होती. काजल पाणी घ्यायला आत गेली, तर काकू ओट्याला टेकून फरशीवर बसलेल्या, डोळे मिटून. गरगरलं थोडं, कोणाले सांगू नको, म्हणाल्या. काजलनं सांगितलंच. वर्षालीला रात्रभर स्वतःचीच लाज वाटली. कूलरसमोर तीही बसत होती ना.

बाबा हसले. दहावीत गेली न् लय बोलायले शिकली, म्हणाले. मग फवारा खाली ठेवून त्यांनी समजावलं, “झाडं बोलत नाईत, बेटा. त्याइले काय पाह्यजे, ते आपल्यालेच ओळखावं लागते.”

वर्षालीची कानशिलं तापली. आणि आई कधी बोलली? अंगभर घामोळं घेऊन गरम पोळी वाढते, ती काय बोलून वाढते?

तिनं वाद घातला नाही. सगळ्यात मोठी कुंडी कवेत घेतली, पायानं दार ढकललं आणि ती थेट ओट्याजवळ नेऊन ठेवली. मग फर्न. मग अँथुरियम. बाबा मागे मागे. अवं, इथं दुपारपर्यंत जळून जातीन ते, असं कळवळून सांगत होते. आई लाटणं हातात धरून बघतच राहिली.

वर्षालीनं हाताची माती ओढणीला पुसली.

“झाडं आता इथंच राहतीन,” ती दोघांनाही म्हणाली. “बाबा, कूलर तुम्ही आणता, का मी ओढत आणू?”