बत्तीची टोपी

वहिनींनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू काढून टेबलावर ठेवली, तेव्हाच बत्तीवाल्यांना कळलं आत काय आहे ते. त्यांच्या हातात बत्तीच्या पंपाचं कातडी वॉशर होतं, तेलात मुरवलेलं. ते त्यांनी तसंच बशीत सोडलं.

"उघडा की भाऊजी. चावणार नाही."

कागद सुटले. आत गॅसबत्तीची हिरवी इनॅमलची टोपी होती. कडेचा एक टवका उडालेला, बाकी नव्यासारखी.

"मेल्याशिवाय देणार नाही म्हणायचे," वहिनी म्हणाल्या. "शब्दाचे पक्के निघाले."

बत्तीवाल्यांनी टवका उडालेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

जुन्या बत्त्या जमवायचा नाद असलेल्या दोघा मित्रांनी, बत्तीवाल्यांनी आणि वहिनींच्या यजमानांनी, एकाच भंगारवाल्याच्या ढिगातून एकच बत्ती उचलली होती. यांच्या हाती धड लागलं, मित्राच्या हाती टोपी. तेव्हापासून दर रविवारी सकाळी फोन. हे म्हणायचे, टोपी द्या. ते म्हणायचे, आधी बत्ती पाठवा. मग तासभर गप्पा. कुठे जुनी काच मिळाली, कोणाचे गुडघे धरलेत, कोणाची सून काय म्हणाली. मित्र गेल्यापासून बत्तीवाले रविवारी सवयीने फोनजवळ बसत आणि उगाच पितळी टाक्या घासत राहत. फळीवरच्या सगळ्या टाक्यांत आता त्यांचं तोंड दिसत होतं.

"मागच्या रविवारीही फोन वाजला नाही," वहिनी खोलीभर नजर फिरवत म्हणाल्या. "मला वाटलं, बिघडलाच. उचलून पाहिला. चांगला चालू होता."

 बत्तीवाल्यांनी फळीवरून ती बिनटोपीची बत्ती उतरवली, टोपी वर ठेवली आणि जराशी फिरवली. टक् असा आवाज झाला. इतकी वर्षं ज्या क्षणासाठी जीव टाकला तो हा, आणि खोलीत कोणी चरफडणारं नव्हतं. हे आता फोन करून कोणाला चिडवणार होते?

 त्यांनी टोपी उलटी फिरवून काढून घेतली.

"बसत नाही," ते म्हणाले.

"बसली की. मी आवाज ऐकला."

"ते वरवर. खाचा जुळत नाहीत. पेटवली की हलेल."

"मग आता?"

"तुम्ही घेऊन जा परत." टोपी त्याच कागदात गुंडाळताना त्यांच्या बोटांचा गोंधळ होत होता, एरवी ही बोटं डोळे मिटूनही तोटीत पिन बसवायची. "घरी असू द्या. मी फोन करून मागीन. मग बघू कधीतरी."

वहिनींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. टेबलावरच्या बत्तीकडे पाहिलं. मग पुडकं उचलून पिशवीत टाकलं आणि दारापाशी जाऊन चपला पायात सरकवल्या.

"रविवारीच करा," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "पण आधीच सांगून ठेवते भाऊजी, मी नाहीच म्हणणार आहे."