उंटांची वाट

कच्छच्या खाडीत गावकरी तिवराची रोपं लावत होते. लधाचाचांनी आपल्या वाट्याच्या रांगांमध्ये दोन उंट जातील एवढी वाट मोकळीच सोडली. लावणीवर देखरेख करणारी हूरबाई चिखल तुडवत आली.

"चाचा, ही जागा का सोडलीत? भरतीचं पाणी इथूनच गावात शिरेल."

"बेटावर चरायला गेलेत ना माझे उंट. पोहत परतले की इथूनच वर चढतील. तुझी रोपं तुडवली, तर मलाच बोलशील."

ते अकरा उंट मोठ्या वादळाच्या आदल्या दिवशी बेटावर गेले होते. त्याला दोन वर्षं झाली होती; एकही परतला नव्हता. हूरबाईनं वाट तशीच राहू दिली.

पुढच्या पावसाळ्यात भरतीबरोबर तिवराच्या बिया वाहत आल्या आणि त्या वाटेत आपसूक रुजल्या. थंडीत हूरबाई रोपं बघायला आली, तेव्हा चाचा वाटेतलं एकेक रोप हातानं चाचपत पाण्यापर्यंत जाऊन परत येत होते.

"काय झालं, चाचा?"

ते तिथंच चिखलात बसले.

"एकही तुडवलेलं नाही गं."