अनशापोटी तीर्थ

"चहा नको, तारामतीबाई. अजून अर्धा तास व्हायचाय." शिवकन्येनं कप बाजूला सारला.

घरमालकीण तारामती हसली. "लेकीचा हुकूम का?"

"हाव. तीर्थ अनशापोटी घ्यायचं, अन् वरून चहा लगेच न्हाई. लई देवभक्त होऊन राहिली पोरगी!"

वैष्णवीच्या मेडिकलच्या क्लाससाठी शिवकन्या भोकरहून लातूरला खोली करून राहिली होती. शिवकन्या स्वतः नववीत असताना किल्लारीच्या भूकंपात सापडली होती. एका डॉक्टरीणबाईंनी तिचा पाय वाचवला. तेव्हापासून घरात एक डॉक्टर हवाच, हे तिच्या मनानं घेतलेलं. म्हणून ती माहूरच्या देवीला नवस बोलली. लोक चपला सोडतात, भात सोडतात. या बाईनं थायरॉइडची गोळी सोडली! लेकीचा नंबर लागेपर्यंत गोळीला हात लावायचा नाही.

वैष्णवी रडली, भांडली. दोन महिन्यांत आईचा चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला. भर उन्हात ती शाल पांघरून बसायची. पोरीचा जीव तीळतीळ तुटायचा, पण नवस मोडायला आई काही तयार होईना.

मग कधी देवाला हात न जोडणारी वैष्णवी एकाएकी पूजा करू लागली. आंघोळ करायची, देव धुवायची आणि आईला वाटीत तीर्थ द्यायची.

"आता बघा, सूज उतरली, आवाज सुटला," शिवकन्या तोऱ्यात म्हणाली. "परवा रक्त तपासलं, तेबी नॉर्मल. डॉक्टर बघतच राहिले!"

"देवीची कृपा."

"देवीची हायच. पण लेकीच्या हाताला गुण हाय."

परीक्षेचं केंद्र नांदेडला आलं. आदल्या दिवशी वडील शेषेराव वैष्णवीला घेऊन निघाले. ती दारातच घुटमळली.

"आई, उद्याचं तीर्थ..."

"घेईन की. तू पेपराकडं बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवकन्येनं देव धुतले, वाटीत तीर्थ घेतलं. मग देवीच्या तसबिरीमागं हात घालून वैष्णवी रोज लपवायची ती थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली काढली, एक गोळी तीर्थात विरघळवली आणि नांदेडच्या दिशेनं बघत म्हणाली, "घेते बरं का, डॉक्टरीणबाई."