तुळशीपाशी

"मी कुणाला उभं करत नाही, हसायला सांगत नाही. जे घडेल ते टिपतो," फोटोग्राफर म्हणाला.

"मग नुसतं हिंडायला कशाला बोलवायचं?" चहा ठेवता ठेवता मी लेकीला ऐकवलं. आमच्याकडे नातेवाइकांना रांगेत उभं केल्याशिवाय लग्न लागल्यासारखंच वाटत नाही.

त्याने वही उघडली. "मंगलाष्टकं चालू असताना मी स्टेजवर कुठे थांबू?"

"स्टेजवर नकोच," लेक म्हणाली. "कार्यालयाच्या मागे तुळस आहे. लग्न लागताना मुलीच्या आईने बघायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. तेव्हा आई एकटीच तिथे पाणी घालत असेल. तुम्ही तिच्यापाशी थांबा."

"अगं, आणि अक्षता पडतानाचा तुझा फोटो?"

"मला बघायला चारशे माणसं असतील, आई. तुला कोण बघणार?"

माझ्या लग्नात माझी आईही अशीच मागे होती. तेव्हा ती कशी दिसत होती, कुणालाच माहीत नाही.

मी खुर्ची ओढून फोटोग्राफरसमोर बसले. "तुळशीच्या हिरव्यापुढे डाळिंबी साडी उठून दिसेल ना हो?"