दारालगतची खाट

तीन दिवस खाटेवर नुसतं पडून राहायचं आणि त्या बदल्यात बायकोच्या हृदयाची झडप बदलून घ्यायची. मास्तरांनी जन्मभर गिऱ्हाइकांशी घासाघीस केली होती, पण इतका स्वस्त सौदा त्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. सरकारी रुग्णालयाचे पडदे, चादरी, रुग्णांचे झगे, सगळं त्यांच्याच मशीनखालून गेलेलं. म्हणून मोठ्या डॉक्टरांचं बोलावणं आलं तेव्हा ते खिशात टेप घालूनच गेले.

"मास्तर, आजारी पडता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुणासाठी?"

वरून हुकूम आला होता. या रुग्णालयात माणसं फार मरतात. तपासणीपर्यंत टक्का खाली आला नाही, तर डॉक्टरांची उचलबांगडी ठरलेली.

"तीन वर्षं भूल देणारा डॉक्टर मागतोय," ते म्हणाले. "माणूस दिला नाही, आकडा मागितला. मरणारे कमी करणं माझ्या हातात नाही. दाखल होणारे वाढवणं आहे."

"म्हणजे डाग तेवढाच, कापड वाढवायचं. डाग लहान दिसतो."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी खणातून मोठ्या रुग्णालयाच्या हृदय विभागासाठीचं शिफारसपत्र काढलं. त्यावर मास्तरांच्या बायकोचं नाव होतं. सही नव्हती.

"या खेपेला एकाचीच शिफारस करता येते मला. तपासणी सुखरूप पार पडू द्या, सही करतो."

मास्तरांनी पत्राकडे बघितलं आणि तिथल्या तिथे खोकून दाखवलं.

घरी खरं सांगायची सोय नव्हती. बायको चार पावलं चालली की भिंत धरायची, पण लबाडीचा वास तिला भिंतीपलीकडून यायचा. "माझ्या नावावर लोळत पडणार? आधी मला पोचवा, मग लोळा," असं सुनावलं असतं तिनं. म्हणून परगावी शाळेचे गणवेश शिवायला चाललोय, असं सांगून त्यांनी पिशवी भरली. शेजारच्या सुताराला तिच्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं.

"वेळेवर जेवत जा," बायको म्हणाली. "आणि माझी काळजी करत बसू नका. तुमच्या मागे जरा शांतता तरी मिळेल घरात."

वॉर्डात एकही खाट रिकामी नव्हती आणि एकाही खाटेवर आजारी माणूस नव्हता. डॉक्टरांचा न्हावी होता, त्याचे दोन मेहुणे होते, निवृत्त पोस्टमन होता. कुणी फोटो काढायला नको म्हणून सगळ्यांचे फोन सिस्टरच्या कपाटात बंद. सिस्टर नवीनच बदलून आलेली, तोंडावर तीन दिवस एकच आठी.

"पुन्हा जेवायला काय मागता? ताप आहे ना तुम्हाला?" ती मेहुण्यांवर खेकसायची.

मास्तरांची खाट दारालगतची. आत शिरणाऱ्याची पहिली नजर तिथेच पडणार, म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला होता. मास्तरांना तो आवडला. गार हवा यायची आणि बोलावं लागायचं नाही.

तपासणीच्या सकाळी मोठे डॉक्टर तपासनिसांना घ्यायला पुढच्या दाराशी जाऊन उभे राहिले. तेवढ्यात मागच्या फाटकावर रिक्षाचा हॉर्न वाजायला लागला, आणि थांबेचना. सिस्टर खाली धावली. वर आली तेव्हा तिची आठी गेली होती. चेहरा पांढरा पडला होता.

"मास्तर, उठा. खाली एक बाई आणलीय, श्वास पुरत नाहीये तिला. बायकांकडचा ऑक्सिजन संपलाय. चालू नळी ही एकच."

बाकीच्या खाटांवर सगळे एकाएकी गाढ झोपले.

मास्तरांनी मास्क खाली ओढला. "आत्ता? साहेब जिना चढतायत."

"तासाभरासाठी हो! मी सांगते काहीतरी त्यांना."

"काय सांगाल? मरायला टेकलेला माणूस उठून बाकावर बसला? सगळं उघडं पडेल. दुसरीकडे पाठवा बाईला."

"पोचायची नाही ती."

जिन्यात बुटांचा आवाज आला. "सिस्टर, मी इथं कुणासाठी पडलोय ते माझं मला ठाऊक आहे," ते म्हणाले. त्यांनी मास्क वर घेतला आणि डोळे मिटले.

तपासनीस खाटेशी थांबले. त्यांनी मास्तरांचा हात उचलून बघितला. "बोटांना या खुणा कसल्या?"

"सुया टोचून, साहेब," मास्तर मास्कमधून पुटपुटले.

"किती दिवस?"

"चाळीस वर्षं."

मोठ्या डॉक्टरांना ठसका लागला. "ताप डोक्यात गेलाय," ते म्हणाले.

तपासनिसांनी मास्तरांचा खांदा हळूच थोपटला. "असल्यांनाही जगवताय तुम्ही. कौतुक आहे."

साहेबांची गाडी गेली आणि डॉक्टरांनी मास्तरांच्या समोरच सही केली. शब्दाचा माणूस. मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं, आणि कुणी ओळखीचं भेटायला नको म्हणून मागच्या फाटकाने निघाले.

फाटकाशी वॉचमन फळ्यावर दिवसाचे आकडे लिहीत होता. झाडाखाली रिक्षा तशीच उभी होती. तिच्या पडद्याखालून एक चादर लोंबत होती.

"गेली का बाई?" मास्तरांनी खालच्या आवाजात विचारलं.

"मघाशीच. रिक्षातच." वॉचमनने मृतांच्या रकान्यात शून्य काढलं आणि खडूचे हात झटकले. "मोठे डॉक्टर म्हणाले, लिहायचं नाही. दाखल कुठं झाली होती?"

मास्तरांनी खिशावर हात ठेवला आणि मान खाली घालून ते पुढे झाले. रिक्षामागून शेजारचा सुतार बाहेर आला. त्याच्या हातात फोन होता.

"मास्तर!" तो रडतच त्यांच्या गळ्यात पडला. "सकाळपासून लावतोय, तुमचा फोन बंद. कुणी कळवलं तुम्हाला? एवढ्या लांबून इतक्या लवकर कसे पोचलात हो?"